पंखा बंद करणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही संकोचाल, आणि मोठ्या डॉक्टरांच्या आधी टेक्निशियनचं नाव आलं म्हणून कुणीतरी नाक मुरडेल. डोक्याला चुंबकाचे ठोके द्यायची ट्रीटमेंट डॉक्टरीणबाईंनी लिहून दिली, त्यांचेही उपकार आहेतच. पण हे पत्र तुम्हाला.

काल शेजारच्या पोरीच्या साखरपुड्याचा ब्लाउज पुरा केला. अस्तराचा, काठाची बाही असलेला. बाही जोडताना डाव्या हाताखालून कापड सरकत होतं आणि मी टीप मारत होते. हे तुम्हाला कळवायलाच हवं असं वाटलं.

पक्षाघाताचा झटका आला तो मेंदूच्या उजव्या बाजूला, थॅलॅमसमध्ये, म्हणजे अंगाला काय लागतंय ते जिथून मेंदूत पुढं जातं त्या आतल्या भागात. हातापायात ताकद परत आली तसं सगळे म्हणाले, बाई सुटली. मग काही महिन्यांनी डावं अंग पेटलं. गार पाणी लागलं की चटका. नायलॉनची साडी घासली की कातडी सोलल्यासारखं होई, मलमल तेवढं सोसायचं. इचलकरंजीत राहून, आयुष्यभर कापडावर पोट भरून, कापडालाच हात लावता येईना. आणि वारा! नुसता पंख्याचा वारा दंडावर आला तरी डोळ्यांत पाणी.

हे सांगायला गेले तर एका नामांकित डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरली, माझ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "जखम जुनी आहे, आता दुखायचं कारण नाही. मन रमवा." दुसऱ्यांनी आमच्या ह्यांना बाहेर बोलावून विचारलं, घरात काही ताणतणाव आहे का. जाऊबाईंनी तर निकालच देऊन टाकला, कामाच्या वेळीच बरं दुखतं! गोळ्या मिळाल्या, त्यांनी झोप आली, आग तिथंच राहिली. पुढं डॉक्टरीणबाईंकडून कळलं की देजेरीन आणि रुसी नावाच्या दोघा फ्रेंच डॉक्टरांनी १९०६ सालीच हे दुखणं लिहून ठेवलंय. शंभर वर्षं पुस्तकात असलेलं दुखणं मी पदरचं रचून सांगतेय म्हणे!

तर डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेले ते ठोके घ्यायला पहिल्या दिवशी तुमच्या खोलीत आले. पुण्यातला मे महिना. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि मी डाव्या दंडावर मऊ सुती ओढणी घट्ट धरून दारातच उभी राहिले. मी काही बोलले नव्हते. तुम्ही माझ्याकडे बघितलं, ओढणीकडे बघितलं, वर पंख्याकडे बघितलं आणि उठून बटण बंद केलंत. मग एसीची झडप दुसरीकडे वळवलीत. "वारा लागतो ना?" एवढंच. आणि ठोके कुठं द्यायचे त्याच्या खुणा माझ्या डोक्यावरच्या टोपीवर करायला घेतल्या.

दादा, त्या दोन शब्दांवर मी रडले ते दुखलं म्हणून नव्हे. तुम्हाला वाटलं मी घाबरले, म्हणून कॉइल, म्हणजे ठोके देणारं तारेचं वेटोळं, आधी स्वतःच्या हातावर धरून तुम्ही तुमची बोटं उडवून दाखवलीत. पुढं रोज मी यायच्या आधीच पंखा बंद असायचा. एकदा कॉइल तापून यंत्रच थांबलं, तुमच्या शर्टाची पाठ घामानं भिजलेली, तरी तुम्ही पंख्याला हात लावला नाहीत. रजिस्टरनं वारा घालत बसलात, तोही माझ्याकडे पाठ करून.

आमच्या गल्लीत झालं होतं की हिला पुण्याला शॉक देतात. शॉक कसला! भूल नाही, कापाकापी नाही, खुर्चीत बसायचं. कानात बोळे, आणि डोक्याशी धरलेल्या कॉइलची टकटक, माझ्या मशीननं जाड जीन्सवर टीप मारावी तशी. कॉइलमधल्या चुंबकाचे ठोके कवटी न उघडता मेंदूत बारीकशी वीज उठवतात. ही युक्ती १९८५ साली इंग्लंडातल्या शेफील्डला बार्कर नावाच्या माणसानं करून दाखवली, हे तुम्हीच सांगितलंत. मी विचारलं, दुखतंय हातात, मग मेंदूतल्या हात हलवणाऱ्या जागेवर ठोके का? तुम्ही म्हणालात की त्या जागेपासून थॅलॅमसकडं आणि दुखणं आवरणाऱ्या इतर भागांकडं वाटा जातात. जपानात सुबोकावा यांच्या चमूनं आधी कवटी उघडून तिथंच तारा बसवल्या होत्या आणि असल्याच रोग्यांना उतार पडला होता. नेमकं कसं होतं ते अजून पुरतं उलगडलेलं नाही, हेही लपवलं नाहीत.

आणि पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलंत, "मावशी, काहींना गुण येतो, काहींना येत नाही. आला तरी टिकवायला मधून मधून यावं लागतं." शंभर टक्के बरं करतो म्हणणारे आम्हाला कमी भेटले नव्हते, पैसे आधी मोजून घेणारे. तुमच्या त्या वाक्यानं ह्यांचा विश्वास बसला.

आग गेली नाही. निम्म्यावर आली असं म्हणेन. थंडीत अजून भडकते, गार पाण्याला आजही डावा हात लावत नाही. पण रात्री कुशीवर झोपते आणि दिवसाला दोन-तीन तास मशीनवर बसते. दुखणं तसूभरही कमी झालं नसतं, तरी हे पत्र लिहिलं असतं. ओपीडीत नंबर पुकारणाऱ्या बाई, पायरीपाशी एसटी थांबवून धरणारा कंडक्टर, अशी माणसं कुठंकुठं भेटतातच. त्यांना कुणी भिंतीवर फ्रेम करून लावत नाही. फ्रेमवाल्यांनी मात्र एवढं करावं, समोरच्या बाईनं ओढणी का धरलीय ते एकदा बघावं.

मी पुढच्या फेरीला येईन तेव्हा तुमच्या आईंच्या मापाचा एक जुना ब्लाउज मागवून ठेवा. तुम्ही शिलाईचं काढाल, म्हणून आत्ताच सांगते, शिलाई घेणार नाही. गळा मागून किती खोल हवा आणि हुकं पुढं की मागं, तेवढं त्यांना विचारून ठेवा.

तुमची,
इचलकरंजीची शिलाईवाली मावशी