वनमंत्र्यांना खुलं पत्र: डोंगरातल्या पायवाटा मातीच्याच राहू द्या

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

गेली अकरा वर्षं मी पहाटे उठतो, बूट घालतो आणि शेवटची घरं मागे टाकून डोंगराच्या वाटेला लागतो. माझ्यासारखी माणसं आता डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या प्रत्येक छोट्या शहरात आहेत. आमच्या पायांखालच्या ज्या वाटा आपल्या खात्याच्या हद्दीत येतात, त्यांच्याबद्दल हे पत्र आहे.

या वाटा कुणी बांधलेल्या नाहीत. गुराख्यांच्या, लाकूडफाटा आणणाऱ्यांच्या, डोंगरापलीकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांनी त्या मळल्या. आता त्या कामांसाठी जाणारी माणसं कमी झाली आणि वाटा मोडू लागल्या. दोन पावसाळे कुणी गेलं नाही तर झुडपं दोन्ही बाजूंनी येऊन हात मिळवतात. आज त्यातल्या कितीतरी वाटा केवळ धावणाऱ्यांच्या आणि फिरणाऱ्यांच्या पायांमुळे जिवंत आहेत. त्यामुळे नवे मार्ग आखून द्या, असं आमचं मागणं नाही. आहेत त्याच वाटा सांभाळा, एवढंच म्हणणं आहे.

सपाट डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखंच पडतं. डोंगरवाटेवर तसं होत नाही. मुळावर पाय आला की घोटा एका बाजूला कलतो, मुरमावर पाऊल अर्धा बोट घसरतं, ओल्या पाचोळ्याखालचा दगड दिसत नाही तो पायाला आधी कळतो. शरीराला इथे सतत लहान लहान निर्णय घ्यावे लागतात. चढाचं गणितही वेगळं. अल्बर्टो मिनेट्टी या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली डोंगरात धावणाऱ्यांवर केलेलं एक संशोधन प्रसिद्ध झालं. सपाटीपासून ४५ टक्के चढ (म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पंचेचाळीस मीटर वर) आणि ४५ टक्के उतारापर्यंत धावायला किती ऊर्जा लागते, हे त्यांनी मोजलं. सगळ्यांत कमी ऊर्जा सुमारे २० टक्के उतारावर लागते. त्याहून तीव्र उतार असेल तर खर्च पुन्हा वाढतो, कारण स्वतःला आवरण्यातच ताकद जाते. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणं नकोसं होतं. पण तोच उतार पुन्हा पुन्हा केला की स्नायू तयार होतात. ही तयारी फुकट मिळते, शहराच्या वेशीवर मिळते, आणि शाळकरी मुलीपासून साठीतल्या माणसापर्यंत सगळ्यांना मिळते. व्यायामशाळा परवडत नाही, त्यांना तर नक्कीच.

आता मूळ तक्रारीकडे येतो. अशा वाटांकडे सरकारी लक्ष गेलं की पहिला शब्द येतो तो ‘सुशोभीकरण’. माझ्या रोजच्या वाटेचा साधारण पाऊण किलोमीटरचा तुकडा असाच सुशोभित झाला. मातीवर काँक्रीट पडलं, कडेला पेव्हर ब्लॉक बसले, वळणं काढून वाट सरळ वर नेली. पहिल्या पावसात मी तिथे थांबून पाहिलं. पूर्वी मातीत जिरणारं पाणी काँक्रीटवरून धावत खाली आलं आणि कडेच्या मातीत घुसलं. पावसाळा संपेपर्यंत काँक्रीटच्या कडेखाली हात घालता येईल एवढी पोकळी झाली होती. लोकही काँक्रीटवर फारसे धावत नाहीत. गुडघ्यांना हादरे बसतात आणि शेवाळ धरलं की ते निसरडं होतं. म्हणून शेजारच्या गवतातून दुसरी वाट पडली, आणि जिथे एक जखम होती तिथे दोन झाल्या.

डोंगरवाटेचा खरा शत्रू पाणी आहे, पाय नव्हेत. वाटा बांधणाऱ्या जाणकारांचा एक साधा नियम आहे: वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. जास्त झाला की पाणी उतार सोडून वाटच धरतं आणि वाटेचा ओहळ होतो. त्याला उपाय आहेत. वाट उतारावरून आडवी, नागमोडी न्यायची, तिला बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ द्यायचा, ठरावीक अंतरावर छोटा खोलगट भाग ठेवून पाणी बाहेर काढायचं. त्याला फावडं, कुदळ आणि डोंगर ओळखणारी चार माणसं लागतात. सिमेंटची एक गोणीही लागत नाही.

मी काही जगावेगळं मागत नाही. स्वित्झर्लंडच्या जनतेने १९७९ साली मतदान करून पायवाटांना थेट राज्यघटनेत स्थान दिलं आणि १९८५ साली त्यासाठी कायदा झाला. पायवाटांचे आराखडे करायचे, वाटांवर खुणा लावायच्या, त्यांची देखभाल करायची, ही तिथे सरकारची जबाबदारी आहे. आणि एखादी वाट लांब पल्ल्यापर्यंत चालणाऱ्यांना गैरसोयीच्या थराने झाकली, तर तिच्या बदल्यात दुसरी द्यावी लागते. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो पाऊण किलोमीटर आला. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करणं स्थानिक प्रशासनाला बंधनकारक झालं. वाट नकाशावर असली की तिच्यावर कुंपण घालताना समोरच्याला विचार करावा लागतो. आमच्या वाटा कुठल्याच नकाशावर नाहीत.

नकाशा का हवा, याचं आणखी एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी उतरताना माझ्यासोबतच्या मैत्रिणीचा पाय मुळात अडकला. घोटा बघता बघता सुजला, पाय टेकवेना. फोन लागला, पण पलीकडून प्रश्न आला, “नक्की कुठे आहात?” मी म्हणालो, ओढा ओलांडल्यावर, मोठ्या खडकाच्या डावीकडे. “कुठला ओढा?” त्या डोंगरात ओढे चार आहेत, आणि मोठे खडक तर विचारूच नका. शेवटी मी तिला आधार देत, बसत-उठत दोन तासांनी रस्त्यावर आणलं. दमट थंडी होती आणि ती कुडकुडत होती. जर्मनीच्या जंगलांत ठिकठिकाणी क्रमांक लिहिलेले मदत-बिंदू आहेत. फोनवर क्रमांक सांगितला की मदत करणाऱ्यांना जागा कळते. जंगलात काम करणाऱ्यांसाठी ही सोय झाली, पण ती सगळ्यांच्याच उपयोगी पडते. एक खांब, एक पाटी, एक क्रमांक. त्या संध्याकाळी मला एवढंच हवं होतं.

दिव्यांबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण सुरक्षेच्या नावाखाली जंगलभर खांब उभे करण्याची भाषा होते. फिनलंडमध्ये गावाला लागून लाकडाचा भुसा पसरलेल्या, दिवे लावलेल्या धावण्याच्या वाटा असतात. तिथल्या लांबलचक अंधाऱ्या हिवाळ्यात त्यांची गरज आहे. तसा एखादा छोटा फेरा शहराच्या कडेला करा. कामावरून उशिरा येणाऱ्यांची, एकट्या धावणाऱ्या बायकांची मोठी सोय होईल. आत जंगलात मात्र एकही दिवा नको. रात्र तिथल्या प्राण्यांची आहे. विणीच्या हंगामात काही वाटा बंद ठेवायच्या असतील तर आम्ही त्या पाळू. फक्त आधी सांगा, आणि कुलूप लावण्याऐवजी कारण लिहिलेली पाटी लावा.

मोठ्या स्पर्धा भरवा, असंही मी म्हणणार नाही. एका दिवशी हजारो पाय ओल्या मातीवरून गेले तर पुढचं वर्षभर ती वाट सावरत नाही. आम्हाला वर्षाचे सगळे दिवस हवे आहेत.

नकाशाला वेळ लागेल, क्रमांकांच्या पाट्यांना निधी लागेल, हे मी समजू शकतो. पण एक काम पावसाआधीच व्हायला हवं. वाटांवरचे पाणी काढणारे जुने चर पाचोळ्याने आणि मातीने बुजले आहेत. ते मोकळे करायची परवानगी तेवढी लेखी द्या. फावडी आमची, माणसं आमची. आपल्या वनरक्षकाने सोबत यावं आणि कुठे खणायचं, कुठे नाही, ते दाखवावं. रविवारी पहाटे आम्ही हजर असतो.

आपला नम्र,
डोंगरवाटांवर धावणारा एक नागरिक