रतनवाडीला जा, पण गाडी शेंडीत लावून जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात पावसाळाभर आतल्या पानावर एक छोटी चौकट येते, भंडारदरा इतके दशलक्ष घनफूट, घाटघर इतके मिमी, रतनवाडी इतके मिमी. आमच्या घरात ती वाचायची सवय वडिलांपासूनची, कारण आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे आणि आमचा ऊस भंडारदऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या प्रवरेच्या कॅनॉलवरचा. वडील आधी चौकट बघायचे, मग हेडलाइन. त्यामुळे रतनवाडी, भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठचं गाव, म्हणजे मला चाळीस वर्षं नुसता मिलिमीटरचा आकडा होता, तिथे माणसं राहतात, चुली पेटतात असं कधी डोक्यातच आलं नाही, खोटं कशाला बोलू.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे तुमच्या पुरवणीतला तो वन डे पिकनिकचा लेख. दहा ठिकाणं, प्रत्येकाला चार ओळी, आणि रतनवाडीपुढे लिहिलंय 'कार थेट मंदिरापर्यंत जाते, पार्किंग उपलब्ध'. चूक काहीच नाही त्यात, जाते कार. पण मी त्या गावाला दोनदा जाऊन आलोय, एकदा सायकलवर आणि एकदा कारमध्ये, आणि दोन्ही वेळेला गाव वेगळं दिसलं, म्हणून हे पत्र.

पहिल्यांदा गेलो ते ऑक्टोबरमध्ये. वय बावन्न, गुडघा थोडा बोलतो, सायकल साधी गिअरवाली, काही लाखाची वगैरे नाही. नाशिकहून पहाटे पाचला निघालो, घोटीला मिसळ खाल्ली, पुढे कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव आणि मग तो घाट. कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, लहानपणी भूगोलात पाठ केलेलं, पण घाट चढताना तिच्याकडे मान वर करून बघायची ताकद उरत नाही. निम्म्यात उतरलो आणि सरळ ढकलत नेली. एक आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन माझ्या पुढून निघून गेल्या, जाता जाता म्हणाल्या, "गाडी बंद पडली काय रं बाबा?"

शेंडीला, म्हणजे धरणाजवळच्या गावात, वनखात्याची पावती फाडली आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाला उजवीकडून वळसा घालायला सुरुवात केली. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी, सगळा फेरा चाळीसेक किलोमीटरचा. सायकलवाल्यांना सांगतो, यापेक्षा चांगला रस्ता मी तरी पाहिला नाही, म्हणजे खड्डे आहेत, भरपूर आहेत, पण एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं पिवळी होत आलेली, कडेला सोनकी, आणि दर दोन किलोमीटरला कोणीतरी विचारणार, चहा घेता का. घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली एकदम कोकण. तिथंच ते वीज प्रकल्पाचं धरण आहे, 250 मेगावॅटचा, रात्री खालचं पाणी वर ओढायचं आणि दिवसा मागणी असते तेव्हा ते खाली सोडून वीज करायची. आपल्या घरातला एसी चालतो त्यात या डोंगराचं पाणी वरखाली होत असतं, आणि घाटघरची चौकशी आपण फक्त पाऊस किती पडला एवढीच करतो.

साम्रदच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. माझ्याकडे पंप होता पण पॅचचं सोल्युशन वाळून दगड झालेलं. एक नववी-दहावीतला पोरगा आला, सायकल उलटी केली, टायर उतरवायला माझे लिव्हर सोडून घरातून दोन चमचे आणले, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा शोधला आणि दहा मिनिटांत काम फत्ते. पैसे घेईना. मग म्हणाला, तुमची चालवून बघू का, आणि जो गेला तो अर्ध्या तासाने आला, मागे त्याचे तीन मित्र धावत. गावात एकच सायकल आहे म्हणाला, शाळेतून बहिणीला मिळालेली, आणि ती काही देत नाही.

रतनवाडीला पोचायला अंधार पडला. एका ओळखीच्या ओळखीने एका घरी राहायची सोय झालेली. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या, आत शिरलं की गार. मावशींनी नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी आणि त्यांच्या खाचरातल्या काळभाताचा भात वाढला, झाकण काढलं तेव्हा आख्ख्या ओटीवर वास. त्यांच्या घरातले काका महादेव कोळी समाजातले, बोलता बोलता राघोजी भांगरे निघाले. राघोजी याच अकोले तालुक्यातले, देवगावचे, सावकार आणि इंग्रज दोघांच्याही विरुद्ध उठले आणि 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. काका हे सगळं असं सांगत होते की जणू राघोजी मागच्याच आठवड्यात या ओसरीवर बसून गेले. मला शाळेत या माणसाचं नाव कोणी सांगितलं नव्हतं, नगर जिल्ह्यात शिकूनसुद्धा.

सकाळी अमृतेश्वराचं देऊळ. शिलाहारांच्या झंझ राजाने नद्यांच्या उगमांजवळ बारा शिवमंदिरं बांधली असं सांगतात, त्यातलं हे एक, प्रवरेच्या उगमाजवळचं. काळा दगड, शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेलेल्या, आणि दार पुढूनही आणि मागूनही. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड बुडते, मावशी म्हणाल्या तेव्हा देव पोहतो. जवळच पुष्करणी आहे, आतल्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती, पायऱ्यांवर शेवाळं, आणि मी तासभर बसलो तेवढ्यात तिथे कोणी म्हणजे कोणी आलं नाही. पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड आहे, पण त्यावर देवळापेक्षा दंडाची माहिती जास्त. त्यापेक्षा गावातल्या एका पोराला नीट शिकवून गाईड केलं असतं तर बरं झालं असतं, ते पोरगं असंही सगळं सांगतंच.

आता दुसरी फेरी. जूनचा पहिला आठवडा, काजवे बघायला, बायको-मुलगी-मेव्हणे सगळे, म्हणून कार. मुरशेतच्या पुढे जे अडकलो ते पावणेदोन तास. पुढे बसेस, मागे कार, सगळ्यांचे हेडलाइट फुल. काजवा म्हणजे बिचारा वर्षभर जमिनीत अळी म्हणून गोगलगायी खाऊन जगतो आणि पंख फुटल्यावर त्याच्याकडे फार तर दोन-तीन आठवडे असतात, त्यात नराने चमकायचं आणि मादीने ते ओळखून उत्तर द्यायचं. तिथे तुम्ही एलईडी मारला तर ती बघणार काय? आमच्या पुढच्या बसमधून उतरलेला एक बाप, चांगला शिकलेला वाटत होता, पाण्याच्या बाटलीत सात-आठ काजवे भरून पोराला देत होता. मी म्हणलं सोडा हो, तर म्हणाला, एवढे आहेत, काय फरक पडतो. बाटलीला झाकण लावलेलं. त्या बसवाल्या टूर कंपनीचा माणूस शेजारीच उभा होता, तो हसला. कुठेतरी स्पीकरही चालू होता. त्या रात्री आम्ही बेहड्याचं एक झाड खरंच बघितलं, दिवाळीतल्या माळेसारखं, पण एकदम सगळं लागायचं आणि एकदम विझायचं, आणि ते जेमतेम पाच मिनिटं, कारण मागचा हॉर्न वाजवत होता.

परत येताना मावशींकडे गेलो. म्हणाल्या, शनिवार-रविवारी रात्री घरातलं कोणी आजारी पडलं तर राजूरला न्यायला रस्ता मोकळा नसतो. आणि एवढ्या गाड्या येऊन त्यांच्या घरी जेवायला त्या रात्री आलं कोण, तर दोन जण. बाकी सगळ्यांचं पॅकेज, जेवण शहरातून डब्यात, कचरा मात्र इथे. वर मे महिन्यात वाडीवरच्या बायका हंडा घेऊन झऱ्यावर रांगेत, आणि समोर अकरा टीएमसीचं धरण, ज्याचं पाणी आमच्या उसाला जातं. हे ऐकताना मी खाली बघत होतो, कारण त्या पाण्यावर माझं शिक्षण झालंय.

तर संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच. काजव्यांच्या त्या तीन आठवड्यांत निदान शनिवार-रविवारी बाहेरच्या खासगी गाड्या शेंडीतच थांबवाव्यात आणि पुढे गावातल्या जीपने न्यावं, ज्याला दम आहे त्याने सायकलवर जावं. शेंडीत पंधरा-वीस सायकली भाड्याने ठेवल्या तर साम्रदचा तो पोरगा पंक्चरचं दुकान टाकेल, त्याला कोणाचं ट्रेनिंग नको. पावतीच्या पैशातला थोडा वाटा त्या त्या गावाच्या समितीकडे जावा. म्हाताऱ्या माणसांना, अपंगांना गाडी जाऊ द्या, त्याला कोण नाही म्हणणार. 'पर्यटक कमी होतील' असं एक हॉटेलवाले मला म्हणाले. होतील. मावशींकडे दोनाचे चार होतील की.

आणखी एक. भंडारदऱ्याचं धरण 1910 ला सुरू होऊन 1926 ला पूर्ण झालं, म्हणजे 2026 ला शंभर वर्षं. तेव्हा पुरवण्या निघतीलच, ज्याचं नाव धरणाला दिलं त्या विल्सन साहेबाचा फोटो येईल, अंब्रेला फॉलचा येईल. त्यात एक पान रतनवाडी, साम्रद, घाटघरच्या लोकांना द्या, ज्यांची खालची खाचरं पाण्यात गेली असं ते सांगतात. त्यांना विचारायला बातमीदार पाठवा, आणि जमलं तर सायकलवर पाठवा, घाटात ढकलावी लागेल हे आधी सांगून ठेवा त्याला.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
नाशिक रोड

ता.क. काळभात मिळाला तर कुकरला शिट्ट्या काढू नका, वास निघून जातो. पातेल्यात, मंद आचेवर, असं मावशींनी बजावलंय. मी पहिल्यांदा कुकरला लावला होता.