सुईविना इन्सुलिनच्या नावाखाली मुलांच्या जिवाशी खेळ: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला टाईप वन डायबेटिस आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनत नाही, ते बाहेरूनच द्यावं लागतं. दिवसाला चार इंजेक्शनं, म्हणजे वर्षाला दीड हजाराच्या घरात सुया. गेल्या महिन्यात तालुक्याच्या आरोग्य शिबिरात एका स्टॉलवर 'सुईविना इन्सुलिन'चं यंत्र विकायला होतं. दंडाला पट्टी लावायची, बॅटरीचा सौम्य करंट सोडायचा, औषध कातडीतून आत जाणार. इंजेक्शनं आजपासून बंद, असं सांगितलं. मंडपावर सरकारी फलक होता. अठरा हजार रुपये मोजले.

दुसऱ्या रात्री पोरीच्या श्वासाला उतरलेल्या फळासारखा वास यायला लागला. उलट्या थांबेनात. साखरेच्या मीटरवर आकडा नाही, नुसतं 'हाय', म्हणजे साखर मोजण्यापलीकडे गेलेली. पट्टी काढली तर खाली रुपयाएवढा फोड. आयसीयूत तिच्या हाताला शीर सापडत नव्हती, तेव्हा ती मलाच समजावत होती, 'आई, रडू नकोस ना.' वाचली. तुमच्या मंडपामुळे नव्हे, डॉक्टरांमुळे.

त्याच डॉक्टरांनी सांगितलं, विजेने औषध कातडीत ढकलण्याचं शास्त्र खरं आहे. आयंटोफोरेसिस म्हणतात. पण चौरस सेंटिमीटरला अर्ध्या मिलिअँपिअरच्या वर गेलं की कातडी भाजू लागते. कातडीतून आपोआप जातात ते साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे रेणू; डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स तीनशेच्या आतली, म्हणून त्यांच्या पट्ट्या विजेविना चालतात. इन्सुलिन ५,८०० च्या आसपास! माणसाला पुरेल एवढं इन्सुलिन असं आत नेणं अजून प्रयोगशाळेतच अडलंय. अमेरिकेत मायग्रेनच्या औषधाची बॅटरीवरची पट्टी २०१३ मध्ये रीतसर मंजूर झाली होती. लोक भाजल्याच्या तक्रारी आल्या आणि २०१६ मध्ये कंपनीने विक्री थांबवली. तिथे तक्रार ऐकायला कोणी तरी होतं. मी तक्रार घेऊन गेले तर 'हे आमच्याकडे येत नाही, वर जा' म्हणाले. वर म्हणजे कुठे, साहेब?

कायदे कमी आहेत का? डायबेटिस बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ पासून बंदी आहे. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. तरी स्टॉल लागतो, कारण स्टॉलवाल्याला विचारणारा माणूस नाही आणि फीत कापायला मात्र सगळे हजर. देशात टाईप वन असलेली मुलं-माणसं आठ-नऊ लाख तरी असतील. आमच्या आरोग्य केंद्रात इन्सुलिनची बाटली महिना महिना नसते. १९२३ मध्ये इन्सुलिन शोधणारे बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं, औषध सगळ्यांना मिळावं म्हणून. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आम्ही अजून तालुक्याला बाटली शोधत फिरतोय. ती मिळाली असती तर असल्या स्टॉलपुढे गर्दी झाली असती का?

'चौकशी करू' हे उत्तर मला नको. त्या स्टॉलला परवानगी कोणी दिली, ते नाव लेखी कळवा. अशी यंत्रं आणखी किती घरांत गेली ते शोधा आणि त्या आईबापांना आजच्या आज सांगा, की इंजेक्शन बंद करू नका.

आपल्याच राज्यातली एक आई