रेल्वेमंत्र्यांना खुलं पत्र: आमच्या गाडीची वेळ आम्हाला मोजू द्या

प्रति,
मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार,
रेल भवन, नवी दिल्ली.

महोदय, सविनय नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात एका हायस्कूलमध्ये गणित आणि विज्ञान शिकवते. गोंदिया–बल्लारशाह लाइनवर गेली चौदा वर्षं माझं अप-डाऊन चालू आहे. आमच्या भागातून आपल्याकडे निवेदनं जातात ती बहुतेक थांब्यासाठी, नाहीतर कोविडच्या काळात गेलेला थांबा परत मिळावा म्हणून. त्या मागण्या रास्तच आहेत. माझ्या मागणीला मात्र रूळ, डबा, इंजिन यातलं काहीच लागत नाही. प्रवासी गाड्यांचं वेळापत्रक, आणि त्या गाड्या प्रत्यक्षात कुठल्या स्टेशनावर किती वाजता आल्या-गेल्या याच्या नोंदी, रेल्वेनं संगणकाला वाचता येतील अशा रूपात, मोफत, सर्वांसाठी खुल्या कराव्यात.

हे मला सुचलं ते वर्गात. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे. त्यात अंतर-काल आलेख काढायचा असतो. पुस्तकातली मोटार मुलांना कधी जवळची वाटली नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी ठरवलं की आलेख आपल्याच लाइनचा काढायचा. ग्राफ पेपरचे सहा कागद डिंकानं जोडले. उभ्या अक्षावर किलोमीटरच्या प्रमाणात खालून वर स्टेशनं मांडली: बल्लारशाह, चांदा फोर्ट, मूल मारोडा, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, गोंदिया आणि मधली सगळी छोटी. आडव्या अक्षावर चोवीस तास. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. गोंदियाकडे जाणारी चढते, बल्लारशाहकडे जाणारी उतरते, थांब्यावर रेघ आडवी पडते, आणि गाडी जितकी वेगवान तितकी रेघ उभी. गाड्यांची ये-जा ठरवणारे रेल्वेचे कंट्रोलर वर्षानुवर्षं पेन्सिलीनं असाच चार्ट काढत आले. आता तो कंट्रोल ऑफिसच्या संगणकावर आपोआप उमटतो, हे आपण जाणताच.

वेळा आणायच्या कुठून, इथेच आम्ही अडलो. इंटरनेटवर वेळापत्रकाची एक फाइल मिळाली. मुलांनी उत्साहानं रेघा मारल्या आणि मग लक्षात आलं की त्या फाइलमध्ये नागपूर–नागभीड छोटी गाडी अजून धावते आहे. ती नॅरोगेज लाइन रुंद करण्यासाठी २०१९ च्या नोव्हेंबरातच बंद झाली. ज्या मुलांनी ती गाडी नीट पाहिलेलीसुद्धा नाही, ती तिची रेघ काढत बसली होती. सगळं खोडलं. मग एकेका गाडीचा नंबर मोबाइलवर टाकायचा, पडद्यावरच्या वेळा वहीत उतरवायच्या, आणि वहीतून कागदावर. या कामात आमचे तीन शनिवार गेले. जी माहिती रेल्वेच्या संगणकात तक्त्याच्या रूपात तयार आहे, ती तेरा-चौदा वर्षांची मुलं हातानं पुन्हा तक्त्यात भरत होती.

आलेख भिंतीवर लागला. थोड्या दिवसांनी आम्ही त्यावर प्रत्यक्षातल्या वेळा लाल रेघेनं मारायला लागलो. एक दिवस मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, ह्या दोन गाड्या जंगलात धडकतात न जी!" खरंच, उशिरा धावणाऱ्या गाडीची लाल रेघ समोरच्या गाडीच्या वेळापत्रकातल्या रेघेला जिथे छेदत होती तिथे स्टेशनच नव्हतं. आमची लाइन एकेरी आहे. समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग फक्त स्टेशनात, लूप लाइनवरच (बाजूच्या जादा रुळावर) होऊ शकतं. म्हणजे छेद दोन स्टेशनांच्या मध्ये पडत असेल, तर दोघींतल्या एकीला अलीकडे थांबावंच लागणार. मुलाला जे दिसलं ते कंट्रोलरला रोज दिसतं. प्रवाशाला ते कुणी दाखवत नाही.

यातलं गणित उदाहरणानं सांगते. अ आणि ब ही दोन लागोपाठची स्टेशनं धरा. समोरून येणारी एक्स्प्रेस ब वरून ५.२८ ला निघते आणि अ वरून ५.३८ ला पार होते. आमची पॅसेंजर अ वरून ५.४० ला सुटते आणि ५.५५ ला ब ला पोचते. सगळं सुरळीत असेल तर कुणालाच थांबावं लागत नाही. आता एक्स्प्रेसला वीस मिनिटं उशीर झाला. ती ब ला ५.४८ ला येणार, अ ला ५.५८ ला. आमची गाडी ५.४० ला सोडली तर एक्स्प्रेसला ब वर सात मिनिटं उभं राहावं लागतं. एक्स्प्रेसला सहसा अडवत नाहीत, म्हणून आमची पॅसेंजर अ वर धरून ठेवली जाते आणि सहा वाजता सुटते. त्या कारणाशी माझं भांडण नाही. एक्स्प्रेसमधल्या माणसांनाही घर गाठायचं असतं. पण ती एक्स्प्रेस वीस मिनिटं मागे पडली आहे हे चार वाजताच माहीत होतं, तर आमच्या गाडीला वीस मिनिटं उशीर होणार हेही चार वाजताच माहीत होतं. मोबाइलवर मात्र साडेपाचपर्यंत आमची गाडी वेळेवर दिसते. मग पाच मिनिटं लेट, मग दहा, मग पंधरा. फलाटावरचा म्हातारा विचारतो, "गाडी टेमावर हाय का जी?" आणि मी मोबाइल बघून त्याला चुकीचं उत्तर देते.

ही वीस मिनिटं शहरात फारशी मोठी नसतील. आमच्याकडे संध्याकाळच्या गाडीला शेवटची एसटी जोडलेली असते. जोडलेली म्हणजे कुणी कागदावर जोडलेली नव्हे. गाडी वेळेवर आली तर स्टँडवर मुक्कामी बस मिळते, एवढंच. ब्रह्मपुरीच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुली, तिथल्या दवाखान्यांतून परतणारे पेशंट, धानाच्या हंगामात मजुरीला गेलेल्या बाया या सगळ्यांचा दिवस त्या एका मेळावर बसवलेला आहे. बस गेली की घरून कुणीतरी मोटारसायकल काढायची. हा ब्रह्मपुरी वनविभागाचा भाग आहे, वाघ आणि माणूस यांच्या संघर्षाच्या बातम्या इथून येत असतात हे आपल्याला ठाऊक असेल. मागच्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील तिला घ्यायला गावाबाहेरच्या फाट्यावर आले. मोबाइलवर गाडी "वेळेवर" होती. ते तिथे तासाभराहून जास्त वेळ उभे होते, अंधारात, मोटारसायकल चालू ठेवून, कारण हेडलाइट बंद करायची भीती. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "बाबाले आधी मालूम असतं तं ते घरूनच उशिरा निघाले असते." तेवढं एक वाक्य मला या पत्रापर्यंत घेऊन आलं.

आम्ही मग वर्गातच एक पाटी सुरू केली. समोरच्या गाडीचा उशीर दुपारी बघायचा, भिंतीवरच्या आलेखात तिची रेघ तितकी उजवीकडे सरकवायची, छेद कुठे पडतो ते पाहायचं, आणि संध्याकाळच्या गाडीचा अंदाज खडूनं लिहायचा. मुलं घरी जाताना तो वाचून जातात, आईबापांना सांगतात. अंदाज चुकतो तेव्हा कारण बहुतेक वेळा मालगाडी असते, जी आमच्या आलेखात नाही. पण जमतो तेव्हा छान जमतो. हे काम साधा संगणक क्षणात करेल. आमच्या तालुक्यात संगणकशास्त्र शिकलेली, घरी बसून काम शोधणारी पोरं आहेत. त्यांना माहिती हवी आहे, दुसरं काही नको.

आणि माहिती रेल्वेकडे आहे. क्रिस ही आपलीच संस्था १९८६ पासून रेल्वेची संगणक-व्यवस्था पाहते. इस्रोच्या मदतीनं इंजिनांवर जी आरटीआयएस यंत्रं बसवली, ती दर तीस सेकंदांनी गाडीचं स्थान उपग्रहामार्फत कळवतात. पहिल्या टप्प्यात अशी २,७०० इंजिनं झाली, पुढच्या टप्प्यात आणखी ६,००० ठरली, हे रेल्वेनंच २०२२ मध्ये जाहीर केलं. मोबाइल टॉवरवरून गाडी ओळखणारी ॲप आमच्या जंगलाच्या टप्प्यात रेंज गेली की आंधळी होतात. उपग्रहाला ती अडचण नाही. हे काम अभिमान वाटावा असं आहे, आणि म्हणूनच त्याचं फळ एका वेळी एका गाडीचा नंबर टाकून बघण्यापुरतंच का राहावं, हे मला कळत नाही.

दुसऱ्यांनी हे केलं आहे. ब्रिटनमध्ये नेटवर्क रेलनं २०१२ पासून आपल्या गाड्यांच्या हालचालींची माहिती खुली ठेवली आहे. फिनलंडमध्ये मागच्या तारखेची गाडी उघडून स्टेशनवार वेळा पाहता येतात, खाते उघडायचीही गरज नाही. पण दूर कशाला जायचं? दिल्लीत २०१८ मध्ये आयआयआयटीच्या साथीनं शहरबसची थेट स्थिती खुली झाली, आणि त्याच वर्षी कोची मेट्रोनं आपलं वेळापत्रक जीटीएफएस या सर्वमान्य साच्यात दिलं. तो साचा म्हणजे काही साध्या मजकुराच्या फाइली: थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा. माझ्या नववीच्या मुलांना त्या वाचता येतील.

सुरक्षेचा आक्षेप येईल. गडचिरोली शेजारी आहे, मी तो हलक्यानं घेत नाही. पण मी मालगाड्या मागत नाही, लष्करी गाड्या तर नाहीच. ज्या प्रवासी गाडीची स्थिती १३९ ला फोन करून कुणालाही आत्ता विचारता येते, तिचीच माहिती एकत्र, तक्त्यात द्यावी, एवढंच म्हणते आहे.

मला सगळ्यात जास्त हवा आहे तो मागच्या दिवसांचा साठा. आज गाडी उशिरा आली, उद्या तिची नोंद लोकांच्या नजरेतून गेलेली असते. रेल्वे वक्तशीरपणा मोजते तो शेवटच्या स्टेशनावर, आणि वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात उशीर भरून काढायला जादा वेळ ठेवलेला असतो. त्यामुळे आमच्या फलाटावर अर्धा तास उशिरा आलेली गाडी टर्मिनसला वेळेवर पोचू शकते आणि हिशोबात वेळेवरच धरली जाते. ब्रह्मपुरीत उतरणाऱ्या मुलीचा उशीर कुठेच लिहिला जात नाही. स्टेशनवार नोंदी खुल्या असतील तर तो लिहिलेला राहील. एसटीच्या आगाराला बसची वेळ पंधरा मिनिटं पुढे ढकलायची की नाही हे त्यावरून ठरवता येईल, कॉलेजला शेवटचा तास कधी सोडायचा ते ठरवता येईल. दिवाळीनंतर वडशातून नाटकाच्या मंडळ्या गावोगाव निघतात, त्यांच्या प्रेक्षकांचंही अर्धं गणित रेल्वेवर असतं.

बदलांची माहितीही तशीच हवी. नागपुरात रेल्वेचे दोन विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा, एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. आमची लाइन दुसऱ्याकडे येते, बल्लारशाह पहिल्याकडे, आणि तिथून पुढे दक्षिण मध्य रेल्वे. रुळाच्या कामासाठी वाहतूक थांबवून ब्लॉक घेतला की प्रत्येकाचं पत्रक वेगळं निघतं, तेही अनेकदा चित्राच्या रूपात. गावातल्या माणसानं कुठलं शोधायचं? आणि हे वाढणार आहे. गोंदिया–बल्लारशाह दुहेरीकरणाला मंत्रिमंडळानं एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली, २४० किलोमीटर, ४,८१९ कोटी रुपये. त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या भिंतीवरचे छेद त्या दिवशी निरर्थक होतील, याचा मला आनंदच होईल. पण दुसरा रूळ पडेपर्यंत ब्लॉक वाढतील, आणि गाड्या याच एका रुळावरून जातील.

कायदा नवा लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सांगतं की लोकांना अर्ज करावा लागू नये इतकी माहिती कार्यालयांनी आपणहून द्यावी. सरकारी माहिती खुली करण्याचं केंद्राचं धोरण २०१२ पासून आहे. वेळापत्रकाची एक फाइल एकदा टाकून ती जुनी होऊ देणं पुरेसं नाही. तिच्यावर कधीपासून लागू ते लिहिलेलं असावं, बदल झाला की ती बदलावी, आणि स्टेशनांची नावं मराठीतही असावीत. मुलांना वडसा आणि देसाईगंज एकच हे माहीत असतं, संगणकाला ते सांगावं लागतं.

२०२५ पासून नवं वेळापत्रक १ जानेवारीला लागू होतं. येत्या १ जानेवारीला ते पुस्तकाबरोबर फाइल म्हणूनही यावं, एवढी एक तारीख आपण धरावी अशी विनंती आहे. नव्या आलेखासाठी ग्राफ पेपर मी आणून ठेवले आहेत. वेळा हातानं उतरवायला मुलांना मी आणखी तीन शनिवार बसवू इच्छित नाही. तेवढ्या वेळात त्यांना आलेख वाचायला शिकवता येईल.

आपली नम्र,
गणित-विज्ञानाची एक शिक्षिका
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर