डोंगरउतारावरच्या 450 घरांसाठी: प्रस्ताव लिहिणाऱ्या सल्लागाराच्या मानधनाकरिता आवाहन

सप्रेम नमस्कार,

भांडुप पश्चिमेच्या डोंगरउतारावर राहणाऱ्या रहिवाशांच्या समितीकडून हे आवाहन आहे. या खेपेला आम्ही ताडपत्री, धान्य किंवा चादरींसाठी हात पुढे केलेला नाही. आपत्तीचा धोका कमी करण्याच्या कामांना निधी मिळावा म्हणून पक्का प्रस्ताव तयार करून देणारा जाणकार सल्लागार आम्हाला नेमायचा आहे. त्याचं मानधन एकट्या वस्तीच्या वर्गणीतून भागणारं नाही.

‘कागदासाठी एवढे पैसे कशाला, त्यात भिंतच बांधू,’ असं वस्तीतल्या बैठकीतही काही जण म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, म्हणूनच सविस्तर लिहितो.

जुलै 2000मध्ये घाटकोपरच्या आझादनगरवर दरड आली. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी साकीनाक्याला डोंगर घरांवर आला. जुलै 2019मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळली. 18 जुलै 2021च्या पहाटे चेंबूरचं भारतनगर आणि आमच्या शेजारचं विक्रोळीचं सूर्यनगर. दर वेळी वारसांना मदत जाहीर झाली. ती द्यायलाच हवी, पण ती माणूस गेल्यावर मिळते. माणूस जाऊ नये म्हणून करायच्या कामाचा पैसा वेगळ्या वाटेने येतो आणि त्या वाटेवर कागद लागतात.

आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला जुनी संरक्षक भिंत आहे. मागची माती पाणी पिऊन फुगली की भिंतीवर दाब येतो. तो उतरावा म्हणून भिंतीत पाणी निघायची भोकं ठेवलेली असतात. आमच्या भिंतीची निम्मी भोकं मातीने आणि झाडाच्या मुळांनी बुजली आहेत. मधल्या भागात भिंतीला पोट आलंय. एका ठिकाणी तडा गेलाय. तिथल्या पोरांनी तड्यावर आडवी सिमेंटची पट्टी मारून खिळ्याने तारीख कोरून ठेवली होती. यंदाच्या पावसाळ्यात ती पट्टी मधोमध चिरली, म्हणजे भिंत अजून सरकते आहे. भिंतीला लागून राहणाऱ्या बायका मुसळधार पावसात भोकांतून येणाऱ्या पाण्यावर नजर ठेवतात. पाणी नितळ असेल तर ठीक. ते एकदम गढूळ झालं, घराचं दार चौकटीत अडकायला लागलं किंवा विजेचा खांब कलला, की मुलांना घेऊन खालच्या समाजमंदिरात जायचं हे त्यांनी आपापसात ठरवून घेतलंय. आज वस्तीची धोक्याची सूचना देणारी यंत्रणा म्हणाल तर एवढीच. पावसाळ्याच्या तोंडावर घरं रिकामी करण्याच्या नोटिसा लागतात, पण जायचं कुठे हे त्यात नसतं.

पैसा नाही असं नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005चा. त्यात आपत्तीनंतरच्या मदतीसाठी वेगळा आणि धोका आधीच कमी करण्यासाठी वेगळा निधी सांगितला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या वर्षांसाठी आपत्तीच्या एकूण रकमेतला 20 टक्के भाग या दुसऱ्या कामाला ठेवला. शहरी पुरासाठी मुंबईला 500 कोटी सुचवले ते याच अहवालात. सरकारी निधी आमच्यासारख्या समितीच्या हाती थेट येत नाही, तो पालिका आणि राज्य शासनामार्फतच खर्च होतो. पण मागणी खालून नीट मांडली गेली तर तिचा विचार होतो. दुसरी वाट कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे नफ्यातून समाजकार्यावर खर्च करायच्या पैशांची. कंपनी कायद्यातल्या कामांच्या यादीत 2019पासून आपत्ती व्यवस्थापनही आहे, आणि नोंदणीकृत संस्था म्हणून तिथे आम्हाला स्वतः अर्ज करता येतो.

तो आम्ही केलाही. चार पानी निवेदन, सह्या, भिंतीचे फोटो. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सौजन्याने वाचून परत पाठवलं आणि सोबत प्रश्न दिले. उताराचं मोजमाप झालंय का? माती तपासलीत का? जमीन कोणाची, आणि मालकाचं ना हरकत पत्र कुठे? (आमच्या एकाच उतारावर सरकारी, पालिकेची आणि खासगी जमीन लागून लागून आहे.) किती घरांना किती धोका? काम झाल्यावर गटारं कोण साफ ठेवणार? दोन वर्षांनी फरक पडला हे कसं मोजणार? यातला एकही प्रश्न गैर नव्हता. पण त्यांची उत्तरं द्यायला अभियंता लागतो, हिशोबाचा माणूस लागतो आणि दोघांचं म्हणणं निधी देणाऱ्याच्या नमुन्यात बसवणारा माणूस लागतो. दिवसभर रिक्षा चालवून किंवा धुणीभांडी करून आल्यावर रात्री बैठकीला बसणाऱ्या लोकांकडून ते होणं कठीण आहे.

सल्लागाराने घराघरांतून धोक्याची पाहणी करायची, वस्तीसोबत नकाशा काढायचा, कामांचा क्रम लावायचा (आमच्या मते आधी पाण्याचा निचरा, मग भिंत, आणि सोबतीला पर्जन्यमापक, भोंगा व सराव), अंदाजपत्रक बांधायचं आणि दोन प्रस्ताव द्यायचे: एक कंपन्यांसाठी, एक पालिका व जिल्हा नियोजन समितीसाठी. मानधन ठरावीक राहील. मिळालेल्या निधीतून टक्केवारी घेण्याची अट कोणी घातली तर त्याला नेमायचं नाही, असा ठराव झाला आहे. ज्याचा वाटा रकमेवर ठरतो तो रक्कम फुगवतो, आणि फुगवलेल्या कागदाने पुढच्या वेळची दारंही बंद होतात. किमान तीन जणांकडून कोटेशन मागवू. पैसे तीन टप्प्यांत, काम हातात आल्यावरच देऊ. प्रस्ताव मराठीतही हवा आणि मंजुरीआधी वस्तीच्या सभेत वाचून दाखवला पाहिजे, हेही करारात असेल. प्रस्ताव दिला म्हणजे निधी मिळालाच, असं वचन आम्ही कोणालाच देत नाही. पण मोजमाप, नकाशा आणि माती तपासणीचे अहवाल वस्तीच्या मालकीचे राहतील आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला उपयोगी पडतील.

मानधनाला 2 लाख 40 हजार आणि मोजमाप व माती तपासणीला 1 लाख 30 हजार, असा 3 लाख 70 हजारांचा खर्च धरला आहे. घरटी 200 रुपये काढून वस्तीने 90 हजार जमवलेत. 2 लाख 80 हजार कमी पडतात.

इथे लहानाचे मोठे होऊन आता बदलापूर-टिटवाळ्याला गेलेल्यांनी, डोंगराखालच्या सोसायट्यांनी, गणेशोत्सव मंडळांनी जमेल तेवढं द्यावं. 100 रुपयांचीही पावती मिळेल. प्राप्तिकराची सवलत हवी असेल तर 2,000 रुपयांवरची देणगी रोखीने देऊ नका, चेकने किंवा खात्यावर द्या. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. परदेशी नागरिकांकडून किंवा परदेशी संस्थांकडून पैसे घेण्याची परवानगी आमच्याकडे नाही, त्यामुळे ते आम्हाला स्वीकारता येणार नाहीत.

पैशांखेरीजही मदत हवी आहे. निवृत्त स्थापत्य अभियंते, भूमापक, भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी यांनी सल्लागाराची निवड करताना आमच्या बाजूला बसावं, म्हणजे समोरचा काय सांगतोय ते आम्हाला पारखता येईल. 2005च्या पावसातले या उताराचे फोटो किंवा जागेचे जुने कागद कोणाकडे असतील तर त्यांच्या प्रती द्याव्यात.

मोजमाप कोरड्या जमिनीवरच करावं लागतं, म्हणून ते मेअखेर आटोपायला हवं. त्यासाठी सल्लागार मार्चच्या पहिल्या आठवड्यात रुजू झाला पाहिजे. देणग्या 20 फेब्रुवारीपर्यंत समितीच्या कार्यालयात, रोज संध्याकाळी 7 ते 9 या वेळेत स्वीकारल्या जातील. जमाखर्च दर रविवारी कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावला जाईल.

आपले,
समितीचे सर्व सभासद