बाबा, कागदाच्या सोलरची वाट बघू नका

योकोहामा,
१६ ऑगस्ट २०२५

ती. आई, बाबा आणि आजीस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. हे आधीच लिहिलं, कारण ते ऐकल्याशिवाय आजी चहाला हात लावणार नाही. रोज कॉल होतो तर पत्र कशाला, असं दादा म्हणेल. कॉलवर आई ताटात काय आहे ते विचारते, बाबा ‘आवाज तुटतोय’ म्हणतात, मागं कुणीतरी मोटर चालू करतं आणि सांगायचं ते राहूनच जातं. शिवाय इथं ओबोनची सुट्टी चालू आहे. आपला पितृपक्ष असतो तसंच, फक्त लोक हौसेनं गावी जातात. ऑफिस ओस पडलंय, मला वेळच वेळ आहे. सोलर पंपाचं आणि आईच्या ‘त्या’ विषयाचं शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर मधलं कुणी वाचणार नाही.

तर पहिल्यांदा भूकंप. मामांनी ग्रुपवर टाकलेला तो व्हिडिओ, ५ जुलैला जपान बुडणार म्हणून, तो एका जुन्या चित्रकथेतल्या स्वप्नावरून उठला होता. त्यापायी हाँगकाँगच्या विमान कंपन्यांनी फेऱ्या कमी केल्या. शेवटी इथल्या हवामान खात्याच्या प्रमुखांना पत्रकारांपुढे येऊन ‘ही थाप आहे’ असं सांगावं लागलं. तारीख, जागा आणि ताकद ठरवून भूकंप आधी सांगणारं यंत्र जगात कुणाकडे नाही, जपानकडेही नाही. ५ तारीख गेली, काही झालं नाही. मग ३० जुलैला रशियात कामचात्काला ८.८ चा झाला आणि मामांचा लगेच मेसेज, ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ तारीख चुकली, देश चुकला, तरी मामा बरोबर!

त्या दिवशी इथं पॅसिफिकच्या किनाऱ्याला सुनामीचा इशारा होता हे खरं. सगळ्यात मोठी लाट उत्तरेला इवाते प्रांतातल्या कुजी बंदरात नोंदली गेली, सव्वा मीटरच्या थोडी वर. मी समुद्रापासून लांब, टेकडावर राहते. त्यामुळे ‘तू खिडकीतून पाणी बघितलंस का’ या आजीच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे.

फोन कसा ओरडतो ते बाबांनी विचारलं होतं. भूकंपातून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली जोरात पळते, पण तिनं फारसं काही पडत नाही. दुसरी मागून येते आणि पाडापाडी सगळी तिची. पहिली लाट जवळच्या यंत्रांना लागली की हवामान खातं झटक्यात हिशोब करतं आणि दुसरी पोचायच्या आत फोनवर, टीव्हीवर कळवतं. सगळ्या जनतेसाठी हे २००७ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. हातात काही सेकंद मिळतात. तेवढ्यात गॅस बंद करून टेबलाखाली जाता येतं. भूकंप अगदी पायाखालीच झाला तर इशारा उशिरा येतो. बाबा, हे वाक्य आईला मोठ्यानं वाचून दाखवू नका.

उन्हाचं म्हणाल तर ५ ऑगस्टला गुन्मा प्रांतात इसेसाकीला ४१.८ डिग्री झालं, जपानचा आजवरचा उच्चांक. बातमीत बाई घाबऱ्याघुबऱ्या सांगत होती. माणदेशातल्या माणसाला त्यात काय, असं मला वाटलं होतं. पण इथं घामच वाळत नाही. मी एसी लावून झोपते. लाइट बिलाचं विचारू नये.

आई, मिक्सर पाठवू नकोस. तुझा मिक्सर २३० व्होल्टचा आणि इथली लाइट १०० व्होल्टची. त्यात चटणी होणार नाही, नुसती गुरगुर होईल. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो धोंड्याएवढा असतो आणि माझ्या ओट्यावर तवा ठेवायलाच जागा नाही. शेंगदाण्याचं कूट दे, ते पुरे. बाबांसाठी अजून एक गंमत. या देशात लाइट दोन जातींची आहे. टोकियोच्या बाजूला ५० हर्ट्झ, ओसाकाच्या बाजूला ६०. सव्वाशे वर्षांपूर्वी टोकियोनं जनित्रं जर्मनीहून आणली, ओसाकानं अमेरिकेहून, आणि मग कुणीच माघार घेतली नाही. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेला वीज कमी पडली, तर पश्चिमेची वीज पुरेशी इकडे वळवता येईना. सगळं जग ज्यांच्या शिस्तीची वाहवा करतं त्यांचा हा कारभार. वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगते. मागं कॉलवर सांगायला गेले तेव्हा तुम्ही सगळे एकदम हसलात आणि राहून गेलं. इथं बायकांच्या सार्वजनिक संडासात भिंतीला एक छोटी डबी असते. तिच्यापुढे हात धरला की पाणी सोडल्याचा आवाज येतो. नुसता आवाज. पाणी नाही. वीस-पंचवीस सेकंद धो धो वाहिल्यासारखं वाजतं आणि थांबतं. पुन्हा हवं असेल तर पुन्हा हात धरायचा. आजी विचारेल कशासाठी. तर आपला आवाज शेजारच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून. शेजारची बाईसुद्धा तेच करत असते, म्हणजे दोघी आपापली डबी वाजवत बसलेल्या, आणि दोघींना माहीत की दोघी कशाला बसल्यात.

यात लाजण्यासारखं काय, असं मलाही वाटायचं. पण मूळ भानगड पाण्याची आहे, म्हणून बाबांसाठी सविस्तर लिहिते. ही डबी यायच्या आधी बायका आवाज झाकायला खरोखरचं पाणी सोडायच्या. आत गेल्यावर एकदा, मध्ये एकदा, उठताना एकदा. जुन्या भांड्याला एका वेळी १३ लिटर, कधी त्याहूनही जास्त पाणी लागायचं, तेही पिण्याचं. १९७८ साली दक्षिणेकडच्या फुकुओका शहरात असा दुष्काळ पडला की २८७ दिवस पाणी ठरवून सोडत होते. तेव्हापासून मोठमोठ्या ऑफिसांना हे पाणी डोळ्यांवर यायला लागलं. बायकांना ‘लाजू नका’ म्हणून काही उपयोग होणार नव्हता. म्हणून टोटो कंपनीनं १९८८ मध्ये हा नुसत्या आवाजाचा डबा काढला. लाज तशीच राहिली, पाणी वाचलं. टँकरमागं हंडे घेऊन पळालेल्या आमच्यासारख्यांना हे ऐकून हसावं की हात जोडावेत कळत नाही. मला विचाराल तर इथल्या सगळ्या यंत्रांत हे सगळ्यात शहाणं आहे. त्याला इंटरनेट लागत नाही, ॲप लागत नाही, अपडेट येत नाही. पुरुषांकडे ही डबी फारशी नसते. त्यांना लाज नाही की आवाज नाही, हे मी विचारलेलं नाही. आणि हो, मीही आता गुमान हात पुढे करते. नाही केला तर शेजारची काय म्हणेल!

बाबा, तुमचं ते पावलं मोजणारं घड्याळ. ते कपाटात आहे हे मला इथं कळतं, कारण तुमची पावलं शून्य दिसतात. रोज शेतात दोन चकरा मारणारा माणूस शून्य पावलं कसा चालेल? आई, ‘घड्याळ कशाला, तू येऊन बघ’ हे तुझं वाक्य मी ऐकलंय. ऐकून सोडून दिलं असं समजू नकोस. पण तोवर घड्याळ तरी घालू दे त्यांना. एक मात्र सांगते, बीपी घड्याळावर बघायला जाऊ नका, कुणी कितीही जाहिरात करो. दंडाला पट्टा बांधायचं मशीन आहे तेच खरं. सकाळी पाच मिनिटं शांत बसायचं, मग पट्टा, आणि आकडा वहीत. वही दादानं महिन्याला डॉक्टरांना दाखवायची. तेवढं झालं तरी माझा जीव भांड्यात पडेल.

आता पंप. तुम्ही पाठवलेली बातमी वाचली, जपाननं कागदासारखं सोलर काढलं म्हणून. बातमी खोटी नाही. त्या पदार्थाला पेरोव्स्काइट म्हणतात आणि त्याचे सौर घट, म्हणजे सोलर सेल, पहिल्यांदा केले ते आमच्या योकोहामातच, तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या प्रयोगशाळेत. २००९ साली. तेव्हा उन्हातली जेमतेम ३.८ टक्के ऊर्जा विजेत उतरत होती, आता प्रयोगशाळांत २५ च्या वर गेली आहे. पातळ असतं, वाकतं, हलकं असतं, पत्र्याच्या छपरालाही पेलतं. त्यात आयोडीन लागतं आणि आयोडीन काढण्यात चिलीच्या खालोखाल जपान, म्हणून सरकार जोरात मागं लागलंय. ओसाकाच्या एक्स्पोमध्ये, म्हणजे जागतिक प्रदर्शनात, बस स्टँडच्या लांबलचक छपरावर हेच बसवलंय, टीव्हीवर दाखवतात.

पण त्याला ओलावा सोसत नाही. आपल्याकडच्या काचेच्या सिलिकॉन पॅनलला २५ वर्षांची हमी देतात, याला आत्ता कुठं दहा वर्षांच्या गोष्टी चालल्यात. जपान सरकारनंच २०४० पर्यंत २० गिगावॉटचं उद्दिष्ट ठेवलंय. २०४० ला तुम्ही ऐंशीच्या घरात असाल. तोवर रात्री बाराच्या लाइटीला काठी-बॅटरी घेऊन मोटर चालू करायला कोण जाणार आहे? मागच्या उन्हाळ्यात बांधावर घोणस निघाली होती ते आईनं मला सांगितलं नाही. वहिनीनं सांगितलं.

तेव्हा सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेचा अर्ज भरूनच टाका. बातमीतली वस्तू बाजारात येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर माणूस थांबतच राहतो. माझ्या ऑफिसात फोनचं नवं मॉडेल येणार म्हणून फुटक्या काचेवर दीड वर्ष काढलेला एक जण आहे. आपला हिस्सा दहा टक्के, बाकी सरकारचं. आपलं रान अडीच ते पाच एकरांत बसतं, म्हणजे पाच एचपी मिळेल. बोअर किती फूट आणि उन्हाळ्यात पाणी कितीवर जातं ते अर्जात खरं लिहा, शेजाऱ्याचं बघून नको. पंप पाणी किती वर उचलणार हे त्यावर ठरतं. कंपनी आपणच यादीतून निवडायची असते. जिचा माणूस दहिवडीत किंवा म्हसवडला येऊन दुरुस्ती करतो तीच घ्या, चार पैशांचा फरक बघू नका. पाच वर्षं दुरुस्ती त्यांच्याकडे आहे. आणि पॅनलवरची धूळ आठवड्याला पुसायची. हे काम दादाचं, बाबांनी शिडीवर चढायचं नाही.

दहा टक्के मी पाठवते. कर्जाला सोसायटीकडे जाऊ नका. घराच्या हप्त्याबरोबरच येतील. मध्यंतरी रक्कम कमी का येते असं दादानं विचारलं होतं. मी तेवढेच येन पाठवते, येनच खाली आलाय. २०२० मध्ये एका येनाला सत्तर पैशांच्या आसपास मिळायचे, आता साठसुद्धा होत नाहीत. इथं भाजीही महागली आहे, पण माझं भागतं. उपाशी वगैरे नाही.

आई, पुण्याचं स्थळ. मुलगा चांगला आहे, बोलायला नीट आहे. अर्धा वेळ माझ्या फोनच्या कॅमेऱ्याबद्दल विचारत होता. मी त्याला सांगितलं की इथं विकलेल्या फोनचा कॅमेरा मुका करता येत नाही, फोटो काढला की खट्ट वाजणारच, म्हणजे चोरून कुणाचे फोटो काढता येऊ नयेत. हे त्याला फारच आवडलं. तो कॅमेऱ्यावर बोलत राहिला, मी ऐकत राहिले. वाईट काही नाही. पण त्यांना थांबवून ठेवू नका. कारण माझा करार कंपनीनं दोन वर्षं वाढवला आणि मी सही केली आहे. मागच्या आठवड्यात. कॉलवर सांगणार होते, तेव्हा आजीच्या गुडघ्याचं निघालं. पगार थोडा वाढला, त्यातूनच पंपाचं होतंय. त्यांना सरळ सांगा की मुलगी २०२७ आधी परतत नाही. त्यांना चालणार असेल तर बोलू, नसेल तर दोघांचाही वेळ वाचला. तू रागावशील. माझ्यावर रागाव, वहिनीवर नको, तिला माहीत नव्हतं.

गणपतीला यायचं जमत नाही. २७ तारखेला आरतीच्या वेळी फोन उभा करून ठेवा, पण समईपासून लांब, मागच्या वेळी अर्धी आरती मला नुसता उजेड दिसत होता. दिवाळीचं तिकीट बघते. खरंच बघते.

आजीला गुडघ्याचा पट्टा पाठवलाय, तो झोपताना काढायचा. छोटीला पेन्सिली आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो असाच असू द्या.

तुमची
धाकटी

ता. क. पंपाच्या अर्जात मोबाइल नंबर दादाचाच टाका. माझा तिकडचा नंबर टाकाल तर ओटीपी इथं माझ्या फोनवर येईल, मी ऑफिसच्या कामात असेन आणि ऑनलाइन सेंटरवाला पोरगा ‘पुन्हा या’ म्हणेल. सातबारा नवा काढा, आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळतंय का ते सेंटरवर जायच्या आधी बघा. बाबांच्या नावात एकीकडे ‘राव’ आहे, एकीकडे नाही.