भावा, आईचं ऐकलंस म्हणून

नाव टाकू नको म्हणालास म्हणून टाकत नाही, पण आमचं नारळाचं झाड वाचवलंस त्याचं थँक्यू म्हटल्याशिवाय राहवत पण नाही बघ.

कागलला आमच्या दारात नारळाची तीन झाडं. म्हणजे होती, मधलं गेल्या पावसाळ्यात गेलं. पप्पांनी लावलेलं. शेंडा मलूल दिसायला लागला तेव्हा आम्ही एका जाणकार साहेबांना बोलावलं, ते गाडीतनं उतरले, खालनंच वर बघितलं, खत कमी पडलंय म्हणाले, बुंध्यात मीठ टाका, आणि चहा पिऊन गेले. खोडाला हात सुद्धा लावला नाही. आम्ही इमानदारीत मीठ टाकलं, आणि पंधरा दिवसांत शेंडा मोडून शेजारच्यांच्या पत्र्यावर. आत बघतोय तर सगळा चोथा, आंबूस वास आणि अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. सोंड्या भुंगा, नारळ आतनं पोखरणारा किडा, त्याच्या अळ्या.

त्यानंतर आई रोज रात्री दुसऱ्या झाडाला कान लावायची. "आतनं कुरकुर येतंय रे." आम्ही हसायचो. मी तर म्हटलेलं, आई, शेजारचा टीव्ही असंल. आता आठवलं की लाज वाटते, कारण झाड वरनं हिरवंगार होतं, एक झावळी पिवळी नव्हती, मग कोण ऐकणार तिचं.

तू ऐकलंस. रात्री साडेदहाला आलास, हायवेचा आवाज जरा कमी असतो म्हणून, आणि आमचा फॅन, फ्रीज सगळं बंद करायला लावलंस. खोडात बारीक खिळा, त्याला गिटारला लावतात तसला सेन्सर, मोबाईल आणि हेडफोन, एवढंच सामान. दोन मिनिटं ऐकलंस, चेहऱ्यावर काही दाखवलं नाहीस. हेडफोन काढलास, मी हात पुढं केला, तर मला ओलांडून तो आईकडं नेलास. "काकू, आधी तुम्ही ऐका. तुम्हीच सांगत होता न्हवं?"

आईनं डोक्यावरचा पदर मागं सारून हेडफोन लावला. थोडा वेळ नुसती उभी. मग म्हणाली, "हेच की रे." आणि डोळं पुसलं. बाकी तू काय केलंस काय नाही ते सगळं विसरीन कदाचित, पण हे नाही विसरणार.

नंतर स्क्रीनवर दाखवलंस, वारा कसा लांबट दिसतो आणि अळीचं कुरतडणं कसं टिकटिकटिक झुपक्यानं येतं, मग गप, मग परत. शेंडा पिवळा दिसेपर्यंत आत सगळं खाऊन झालेलं असतं, आवाज मात्र त्याच्या लय आधी यायला लागतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. आणि चूक आमची पण निघाली, आम्ही झावळ्या खोडालगत छाटायचो, त्या ताज्या जखमेच्या वासावर भुंगा येतो आणि तिथंच अंडी घालतो. झावळी छाटताना तिचा 1 मीटरच्या वर बुडखा खोडाला सोडायचा असतो हे त्या साहेबांनी कधी सांगितलं असतं काय माहीत, चहा मात्र दोनदा घेतला होता.

तिसरं झाड गप होतं. तरी तू म्हणालास गप म्हणजे साफ नव्हे, अंडी काय आवाज करत नाहीत, आणि तीन आठवड्यांनी स्वतःच्या पेट्रोलनं परत आलास. पैसे दिले तर हात मागं. हल्ली साधा फोन उचलायला लोक भाव खातात, त्यात तुझ्यासारखी पोरं कुठनं येतात काय कळत नाही, तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग.

दुसरं झाड वाचलं. आई अजून झोपायच्या आधी कान लावून येते, आता मी पण जातो तिच्याबरोबर. काल म्हणाली, "गप हाय." शहाळी उतरवून ठेवलीत, रविवारी ये, आणि तुझा पिवळा स्क्रूड्रायव्हर आमच्या तुळशीपाशी राहिलाय तो पण घेऊन जा.